सावित्रीबाई फुले आणि आजारी माणसाचा हक्क

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे आमच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी मनात म्हटले की आपले माहेर खंडाळा तालुक्यातले, तेव्हा सावित्रीबाईंवाचून दुसरे नाव शोधावयाचे कशाला? नायगाव आमच्या गावापासून फार लांब नाही. लहानपणी तिथल्या जत्रेला मी कितीदा तरी गेले असेन. परंतु ज्या बाईंच्या गावची धूळ पायाला लागली, त्यांचे चरित्र मी खऱ्या अर्थाने वाचले ते पुष्कळ उशिरा, सांगलीला सासरी येऊन वीस-बावीस वर्षे झाल्यावर. आणि तेही एका दुःखाच्या निमित्ताने. ते दुःख पुढे ओघाने येईलच. आधी चरित्र सांगते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाले. फुल्यांचे मूळ गावही आपल्या साताऱ्याकडचेच, खटाव तालुक्यातले कटगुण. सासरी आल्यावर जोतीरावांनी त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविले आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाई तिथे शिक्षिका झाल्या. शाळेच्या वाटेवर लोक शेणमाती टाकीत म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर ठेवीत, ही हकिगत आपण सर्वजणी जाणतो. ती सांगून झाली की बहुतेक भाषणे संपतात. मला मात्र त्याच्या पुढचे सांगावयाचे आहे, कारण शाळेबाहेरच्या सावित्रीबाई आपल्याला तितक्याशा ठाऊक नाहीत.

१८५६ साली सावित्रीबाई फार आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी नायगावला माहेरी आल्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. भावाने आपली फार चांगली सेवा केली, आता बरे वाटते, असे त्यांनी त्यात कळविले आहे. त्याच पत्रात हेही आहे की हाच भाऊ त्यांच्या अस्पृश्यांसाठी चाललेल्या कामाला नावे ठेवी, आणि अंथरुणावरूनसुद्धा त्यांनी त्याच्याशी वाद करून आपले म्हणणे पटवून दिले. आपली सेवा करणाऱ्या माणसाचे उपकार मानावयाचे, पण म्हणून त्याच्यापुढे तोंड मिटून बसावयाचे नाही, ही गोष्ट मला या पत्रात प्रथम दिसली. आपण बायका नेमके उलट करतो. ज्याने औषध दिले त्याला प्रश्न विचारणे म्हणजे कृतघ्नपणा, अशी आपली समजूत असते.

दुसरे पत्र १८६८ सालच्या ऑगस्टचे, तेही नायगावाहूनच. पंचांग सांगत हिंडणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार समाजातली मुलगी यांचे प्रेम जमले, ती गरोदर राहिली आणि गावाला ते समजले. लोकांनी दोघांना मारीत मारीत गावातून फिरविले. जीवच घ्यावयाचा असा त्यांचा बेत होता. सावित्रीबाईंना हे कळताच त्या धावत गेल्या. त्यांनी रडारड केली नाही किंवा कोणाच्या पाया पडल्या नाहीत. इंग्रज सरकारच्या कायद्याने खुनाला काय शिक्षा होते ते त्यांनी जमावाला सांगितले, आणि जमाव थंडावला. दोघांनी गाव सोडून जावे एवढ्यावर भागले व तीन जीव वाचले.

भगिनींनो, हा प्रसंग मी कितीदा तरी वाचला असेल. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, दीडशे वर्षांपूर्वी, एक बाई कायदा जाणत होती आणि वेळेवर तो बोलली. तेवढ्याने तीन जीव वाचले. कायदा पुस्तकात होताच. तो त्या ठिकाणी कोणीतरी उच्चारावयास हवा होता.

याच्या पाच वर्षे आधीचे त्यांचे एक मोठे काम सांगावयाचे राहिले. पुण्यात एका विधवा स्वयंपाकीणबाईला कोणी फसविले, तिला मूल झाले, आणि लोकलज्जेने तिने ते मारले. कायद्याने तिला जन्मठेप झाली व काळ्या पाण्यावर पाठविले. फसविणारा मोकळाच राहिला. शिक्षा देण्यासाठी सरकार होते, परंतु तिची सुखरूप सुटका करावयाला गावात एक खोलीदेखील नव्हती. म्हणून १८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. कोणत्याही विधवेने यावे, नाव गुप्त राहील, बाळंतपण नीट होईल, मूल न्यावयाचे की ठेवावयाचे ते तिच्या इच्छेवर राहील, अशा जाहिराती त्यांनी लावल्या. १८८४ पर्यंत अशा ३५ बायका तिथे आल्या, असे जोतीरावांनीच नमूद केले आहे. त्यांची बाळंतपणे आणि मुलांची उस्तवारी सावित्रीबाईंनी केली. त्यांतल्याच एका बाईचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झालेला.

आता विचार करा. रुग्णाची गोष्ट गुप्त राखणे, आणि निर्णय तिच्या इच्छेवर सोपविणे, या दोन गोष्टी आजच्या कायद्याने रुग्णाचे हक्क म्हणून मानल्या आहेत. सावित्रीबाईंच्या घरात त्या १८६३ पासून पाळल्या जात होत्या.

इथे माझे स्वतःचे सांगते. माझी थोरली जाऊ, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, तिला २००९ साली अंगावरून फार जाऊ लागले. तेव्हा ती चाळिशीची होती. एका दवाखान्यात नेले. पिशवी साफ करू म्हणजे बरे वाटेल, असे सांगण्यात आले. आक्काला आत नेल्यावर थोड्या वेळाने एक परिचारिका छापील कागद घेऊन बाहेर आली आणि घरातले शिकलेले कोण आहे, असे तिने विचारले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कागद इंग्रजीत होता. मी शाळेत शिकविते. तो वाचणे मला अशक्य नव्हते. परंतु घाई होती, भीती होती, आणि डॉक्टरांवर अविश्वास दाखविल्यासारखे होईल असेही वाटले. मी न वाचताच सही केली. संध्याकाळी कळले की आक्काची पिशवी आणि दोन्ही अंडाशये काढून टाकली आहेत.

का काढली, त्याआधी कोणती तपासणी झाली, काढलेला भाग तपासावयास पाठविला का, यांपैकी कशाचेच उत्तर आम्हांला मिळाले नाही. कागद मागितले तर आज या, उद्या या असे झाले. घरातले पुरुष म्हणाले की डॉक्टरांशी वैर कशाला. उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जावे लागेल. आक्काला मात्र चाळिशीतच अंगाची आग, झोप नाही, हाडे दुखणे असे सगळे सुरू झाले. ती कधी काही बोलली नाही. दोन-तीन वर्षांनी भाजी निवडता निवडता तिने मला एवढेच विचारले की सही करताना कागदावर काय लिहिले होते. मला सांगता आले नाही.

मंडळात ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर बोलावयाचे म्हणून मी त्यांची पत्रे वाचावयास घेतली ती त्यानंतरच. नायगावची ती हकिगत वाचून झाल्यावर पुस्तक मिटले आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. मग मी कायदा शोधावयास लागले. जे सापडले ते आपल्या उपयोगाचे म्हणून पुढे देते. आधी चरित्राचा शेवट सांगते.

१८७३ साली सत्यशोधक समाज निघाला, १८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नरकडच्या गावांतून भुकेल्यांसाठी राबल्या. १८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची सेवाशुश्रूषा सावित्रीबाईंनी केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरून त्या स्वतः पुढे चालल्या. त्यानंतर समाजाचे काम त्यांनीच पुढे नेले. आपल्या भागात याच सुमारास दुसरे एक काम उभे राहात होते. डॉ. विल्यम वानलेस हे मिशनचे डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले, आधी सांगलीत व मग मिरजेला त्यांनी काम सुरू केले, आणि १८९४ साली मिरजेचे इस्पितळ उघडले. आपली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. आजारी माणसाला जात न विचारता खाट मिळावी, हा विचार त्या काळी या दोन्ही वाटांनी आला.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगाने थैमान घातले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमात असे ठरविले की या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. पुण्याच्या प्लेग कमिटीवर रँड हा अधिकारी नेमला गेला. त्याआधी तो साताऱ्यास असिस्टंट कलेक्टर होता. मार्च महिन्यात गोऱ्या शिपायांकडून घराघरांची झडती सुरू झाली. आजारी माणसाला घरच्यांपासून ओढून नेले जाई, सामान जाळले जाई, बायकांच्या तपासणीत मर्यादा राहात नसे, अशा तक्रारी झाल्या. परंतु दाद मागावयाची कोणाकडे? त्या संतापाचा शेवट २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडण्यात झाला. रोग आवरण्यासाठी वेगळे ठेवणे आवश्यक होते, हे खरे. परंतु ज्याच्यासाठी हे सर्व करावयाचे तो रोगी माणूस आहे, ही जाणीव त्या व्यवस्थेत राहिली नाही.

त्याच पुण्यात, हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, सावित्रीबाईंनी सैन्यात डॉक्टर असलेल्या यशवंताला बोलावून घेऊन प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. तिथेही रोग्याला वेगळेच ठेवीत, पण माणुसकीने ठेवीत. मुंढव्याच्या वस्तीत गायकवाडांचा पांडुरंग नावाचा मुलगा प्लेगने पडला आहे असे कळले, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगाने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. यशवंतानेही पुढे १९०५ साली प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना देह ठेवला.

चरित्र एवढे. आता मी शोधले ते सांगते.

महाराष्ट्रात डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचा एक गाजलेला दावा पुण्याचा आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतजवळ अपघात होऊन एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्यास आणले. शस्त्रवैद्यांनी भूल न देता हाड बसविले, त्या धक्क्याने तो दगावला, असे कोर्टात ठरले. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते, आणि तरीही त्यांना १९६८ पर्यंत, सर्वोच्च न्यायालयापर्यंत, लढावे लागले. भरपाई मिळाली ती ३,००० रुपये. परंतु त्या निकालाने एक नियम घालून दिला: रोगी घ्यावयाचा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावयाचा हे ठरविताना आणि तो उपचार देताना, तिन्ही वेळी डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे.

१९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की पैसे घेऊन दिलेला औषधोपचार ही त्या कायद्याखालची सेवाच आहे. जुन्या कायद्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे. तक्रार जिल्हा आयोगाकडे नेता येते, वकील नसला तरी चालतो, आणि दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते. आक्काची दोन वर्षे आम्ही वैर कशाला म्हणत घालविली.

संमतीविषयी २००८ चा निकाल आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीची पिशवी व अंडाशये तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आली होती. न्यायालयाने सांगितले की सज्ञान व शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही. जिवाला तातडीचा धोका असेल तरच गोष्ट वेगळी. एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. हे वाचले तेव्हा माझे हात कापले. आक्काचे प्रकरण घडण्याच्या एक वर्ष आधीचा हा निकाल. माझी ती सही मागण्याचा कोणाला अधिकार नव्हता, आणि ती देण्याचा मलाही नव्हता.

कागदांविषयी मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत असे आहे की रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत त्याच्या उपचारांची कागदपत्रे द्यावयाची, आणि ती तीन वर्षे जपून ठेवावयाची. अपघातात सापडलेल्याला पोलिसांची वाट न पाहता आधी उपचार द्यावयाचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले आहे. गर्भपाताला सज्ञान स्त्रीची स्वतःचीच संमती लागते. १९७१ च्या कायद्यात नवऱ्याच्या सहीची अट नाही. जानेवारी २०२१ पासून आपल्या राज्यातल्या खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे नियमाने बंधनकारक केले आहे. पुरुष डॉक्टर स्त्रीरुग्णाला तपासीत असता दुसरी स्त्री हजर असावी, हाही रुग्णाचा हक्क मानला आहे.

आक्कासारखी ती एकटीच नव्हती. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या उसाच्या फडांवर दर वर्षी तिकडच्याच टोळ्या येतात. आणि मार्च २०१७ मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळ गावी गर्भपात करताना एक विवाहिता दगावली, तेव्हा ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले, हे आपण कसे विसरू? बालहत्या रोखण्यासाठी सावित्रीबाईंनी घर उघडले, त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.

डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. रोगी दगावला म्हणजे डॉक्टर चुकला, असे नव्हे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी ढोबळ हलगर्जीपणा असावा लागतो. दवाखान्याच्या काचा फोडणे, डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणे, हा तर अन्यायच. करोनाच्या साथीत, २०२० साली, त्याच १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती करून अशा हल्ल्यांना कडक शिक्षा ठेविली ती योग्यच झाली. त्या साथीत आपल्याच भागातल्या कित्येक डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी घरदार विसरून काम केले. चांगल्या डॉक्टरांना प्रश्नांची भीती नसते. मी विचारू लागल्यापासून मला हा अनुभव पुष्कळदा आला आहे.

आमच्या मंडळात आता एक लहानसा प्रघात पडला आहे. कोणा सभासद भगिनीला किंवा शेजारणीला शस्त्रक्रिया सांगितली, की तिच्याबरोबर दोघीजणी जातात. एकीजवळ वही असते. काय झाले आहे, कोणती तपासणी झाली, दुसरा उपाय आहे का, खर्च किती, हे तिच्याच तोंडून डॉक्टरांना विचारवावयाचे आणि उत्तरे लिहून घ्यावयाची. संमतीपत्र मराठीत मागावयाचे. सही तिची, आणि तिने वाचल्यानंतर. वाचता येत नसेल तर आपण सावकाश वाचून दाखवावयाचे. निघताना सर्व कागदांची प्रत घ्यावयाची.

या कामात सर्वांच्या आधी पदर खोचून तयार होते ती आमची आक्काच. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. इंग्रजी कागद आला की ती तो परत करते आणि मराठीतला आणावयास सांगते, आणि तो येईपर्यंत बाकावर बसून राहते. मागच्या महिन्यात एका तरुण सुनेबरोबर आम्ही दोघी गेलो होतो. कागद आला. मी सवयीने हात पुढे केला, तेव्हा आक्काने माझ्या हातातून तो काढून घेऊन त्या मुलीच्या मांडीवर ठेवला.

मंडळाच्या कपाटात सावित्रीबाईंच्या पत्रांचे पुस्तक आणि रुग्णहक्कांच्या सनदेची मराठी प्रत, दोन्ही ठेविली आहेत. ज्या भगिनींना हवी असतील त्यांनी वहीत नाव लिहून घरी न्यावीत, आणि वाचून झाली म्हणजे शेजारी द्यावीत, अशी विनंती आहे.